आधी ओळख, मग तक्रार

शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांशी एकदा बोलून घ्यायचं, आणि त्या बोलण्यात मुलाची एकही तक्रार करायची नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या हेडसरांनी दिलेला हा पहिला कानमंत्र. पुढे मी स्वतः मुख्याध्यापिका झाले, हाताखाली तरुण शिक्षक-शिक्षिका आल्या, त्यांनाही मी हाच दिला. आता निवृत्तीनंतर आजूबाजूच्या लेकी-सुना 'शाळेतून बोलावणं आलंय, काय करू?' म्हणून विचारायला येतात, त्यांच्याशीही बोलणं इथूनच सुरू होतं. वर्षाची पहिली गाठ तक्रारीनं पडली, तर पुढची प्रत्येक गाठ भांडणाची होते. मग मोबाइलवर शाळेचा नंबर दिसला तरी आईच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी माणूस ऐकून घेत नाही. एकतर घरी जाऊन पोराला बडवतो, नाहीतर बाईंवर उलटतो.

पहिल्या भेटीत काय विचारायचं, तेही हेडसरांनीच शिकवलं. याला काय करायला आवडतं, घरात हा कुणाचं ऐकतो, रात्री कुणाजवळ झोपतो आणि चिडला तर शांत कसा होतो. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. एखादी आई सांगते, 'त्याला थोडा वेळ एकटं सोडा, आपोआप येतो.' दुसरी सांगते, 'जवळ घेतलं की निवळतो, आवाज चढवला की मग कुणाचाच राहत नाही.' एवढी वर्षं त्याला वाढवून आईला जे कळलंय, ते बाईंना जूनमध्येच मिळतं. ते न विचारता बाई दिवाळीपर्यंत अंदाज बांधत राहिल्या, तर तेवढे महिने मुलाचे वाया जातात.

पालकांनीही बोलावण्याची वाट बघू नये. वर्गशिक्षक बदलले की आपणहून जाऊन भेटावं. घरात काही मोठं घडलं असेल, आजोबा गेले, धाकटं भावंड झालं, नवरा-बायकोचं बिनसलं, तर तपशील सांगायची गरज नाही. 'घरात सध्या जरा अवघड चाललंय, याच्याकडे लक्ष असू द्या' एवढं बाईंच्या कानावर घालावं. आमचा भाग आटपाडी-खानापूरकडचा. इथल्या कितीतरी घरांतले पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत असतात. सणासुदीला येतात, पोरांचे लाड करतात आणि परत जातात. वडील परत गेले की पुढचे आठ-दहा दिवस पोरगं वर्गात धड कुणाशी बोलत नाही, नाहीतर कुणाच्याही अंगावर जातं. घरच्यांनी आधी सांगितलेलं असलं तर बाई ते दिवस सांभाळून घेतात. सांगितलेलं नसलं तर त्याच दिवसांत पोराच्या नावावर 'भांडखोर' असा शेरा बसतो, आणि तो शेरा पुढच्या वर्गशिक्षकापर्यंत त्याच्या आधी पोहोचतो.

मुलाचं वागणं बिघडलं की घर आणि शाळा एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो चूक कुणाची हा. तो बाजूला ठेवा. हे घडण्याच्या आधी काय झालं होतं, ते विचारा. शिक्षक मुलाला दिवसाचे पाच-सहा तास पाहतो, तेही भरलेल्या वर्गात. प्राथमिकच्या वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं कायद्यात आहे, पण पट वाढलेल्या शाळांत एकेका वर्गात किती मुलं बसतात ते आपण बघतोच. घरचे उरलेला सगळा वेळ मुलाला पाहतात, पण बरोबरीच्या पोरांत तो कसा असतो ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून आई म्हणते, 'घरी तर असं काही करत नाही हो', आणि बाईंना वाटतं ही पाठीशी घालतेय. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा दोघीही खरं बोलत असतात. दोघींचं खरं एका कागदावर आणलं की उलगडा होतो.

त्यासाठी दोन वह्या करायच्या. एक शाळेत बाईंच्या टेबलात, एक घरी. दप्तरातून नेण्या-आणण्याची भानगड नको. पोरं ती फाडतात, लपवतात, आणि वाटेत मित्रांनी वाचली तर त्याची शोभा होते. रोज चार ओळी लिहायच्या: वार आणि वेळ, आधी काय झालं, मुलानं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. मत लिहायचं नाही. 'उद्धटपणा केला' हे मत झालं. 'खाली बस म्हटल्यावर बसला नाही, खिडकीकडे बघत उभा राहिला' हे घडलेलं झालं. आठवड्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या.

सहावीतल्या एका मुलाचं सांगते. शाळेच्या वहीत त्याच्या नोंदी अशा होत्या: 'मंगळवार, दुसरा तास, गणित. फळ्यावर बोलावलं, उठला नाही. शेजारचा हसला, त्यानं कंपासपेटी फेकून मारली. वर्गाबाहेर उभं केलं.' पुढच्या मंगळवारी तसंच काहीतरी, त्याच्या पुढच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत मारामारी. बाईंची खात्री झाली होती की याला गणित येत नाही म्हणून हा तास उधळतो. घरची वही आजी एका शेजारणीकडून लिहून घ्यायची. तिच्यात सोमवारच्या नोंदी होत्या: 'जेवण उशिरा. रात्री बारापर्यंत जागा. सकाळी डबा नाही.' आमच्या गावचा आठवडी बाजार सोमवारचा. बाजाराच्या दिवशी हातात पैसा आला की बाप पिऊन यायचा, घरात आदळआपट व्हायची आणि पोरगं जागं राहायचं. मंगळवारी ते उपाशी, झोपेच्या गुंगीत शाळेत यायचं. गणिताचा संबंध एवढाच, की त्या दिवशी तो तास सकाळी होता. एकट्या बाईंना सोमवार दिसणार नव्हता आणि एकट्या आजीला मंगळवार.

मग काय केलं? बापाला सुधारायचं काम आमच्या हातात नव्हतं, ते हाती घेतलंही नाही. सोमवारी रात्री पोरानं वरच्या आळीतल्या मामाकडे झोपायचं ठरलं. मंगळवारी सकाळी शाळेत आल्यावर त्यानं आधी खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडे जायचं. त्या त्याला काहीतरी खायला ठेवायच्या. गणिताच्या बाईंनी मंगळवारी त्याला फळ्यावर बोलावणं बंद केलं आणि हजेरी गोळा करून ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे दिलं. मंगळवारच्या मारामाऱ्या बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण थांबल्या असं मी म्हणणार नाही, कारण बाजार काही बंद झाला नव्हता. पण पोरगं शाळेत टिकलं, आणि 'हा असाच' म्हणणं बंद झालं.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट होती, तीही लक्षात घ्या. 'वर्गाबाहेर उभं केलं.' मुलाला तास चुकवायचाच असेल, तर बाहेर काढणं ही त्याच्यासाठी शिक्षा नाही, बक्षीस आहे. दुसऱ्या दिवशी तो तेच करणार. दुसरं एखादं मूल फक्त सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून बाक वाजवतं. त्याला सगळ्या वर्गासमोर पाच मिनिटं झाडलं की त्याला हवं ते मिळालं. तिसऱ्याला वाचता येत नाही आणि ते उघडं पडू नये म्हणून तो वाचनाच्या आधीच दंगा करतो. वरून दंगा सारखाच दिसतो, पण उपाय तिघांचे वेगळे. म्हणून नंतर मोठ्यांनी काय केलं, ही चौथी ओळ कधी गाळू नका.

आता बोलावं कसं, याविषयी. तरुण शिक्षकांनो, 'तुमचा मुलगा फार त्रास देतो', 'त्याला वळणच नाही' असं फोनवर कधी म्हणू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की तुम्हाला त्याचं पोर आवडत नाही. त्याऐवजी सांगा, 'आज दुसऱ्या तासाला त्यानं शेजारच्याची वही फाडली. त्याआधी दोघांत जागेवरून वाद झाला होता. दोघांनाही समजावलंय, वही मी शाळेतून दिलीय. घरी काही बोलला तर मला कळवा.' त्यात घटना आहे, तुम्ही काय केलं ते आहे आणि घरच्यांकडून काय हवं तेही आहे. आणि तक्रारीच्या आधी त्याच मुलाची दोन-चार चांगली बातमीपत्रं घरी गेलेली असू द्या. खोटी नकोत. 'आज न सांगता फळा पुसला', 'नव्या मुलीला जागा करून दिली' एवढी पुरतात. मुलात चांगलं काहीच दिसत नसेल, तर आपण अजून त्याच्याकडे पुरतं पाहिलेलं नाही.

भेटीला बोलावताना वेळेचा विचार करा. डाळिंबाच्या बागेत रोजानं जाणाऱ्या बाईला अकरा वाजता बोलावलं की तिचा दिवसाचा रोज बुडतो, आणि बुडालेल्या रोजाचा राग पोराच्या पाठीवर निघतो. सकाळी शाळा भरण्याआधी बोलवा, नाहीतर संध्याकाळी. आई-वडील दोघांना बोलवा. मुलाचं सगळं आईच्या गळ्यात टाकायची आपली जुनी खोड आहे. वडिलांना 'तुम्ही आल्याशिवाय काही ठरवायचं नाही' असं मानानं सांगितलं तर बहुतेकजण येतात. आल्यावर त्यांना टेबलापलीकडे उभं करू नका. खुर्ची द्या, पाणी द्या, आपली खुर्ची त्यांच्या बाजूला घ्या. स्टाफरूममध्ये इतर शिक्षकांसमोर किंवा फाटकापाशी इतर आयांसमोर ही बोलणी करू नयेत. आधी मोठ्यांनी आपसात बोलावं, शेवटची दहा मिनिटं मुलाला आत घ्यावं आणि त्यालाच विचारावं, 'तुला यात काय अवघड जातं?' पुष्कळदा खरं उत्तर तिथं मिळतं. मागच्या बाकावर कुणी चिमटे काढतं, डबा पळवतं, नावावरून, जातीवरून, रंगावरून चिडवतं, हे मूल एरवी कुणालाच सांगत नाही.

पालकांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. शाळेतून परत येताना 'चल घरी, बघते तुला' हे वाक्य तोंडातून काढू नका. शाळेत घडलेल्या गोष्टीचं शाळेत काय व्हायचं ते झालेलं असतं. त्याच चुकीसाठी घरी दुसऱ्यांदा मार किंवा बोलणी बसली, तर मूल यातून एकच शिकतं, घरी काही कळू द्यायचं नाही. पुढचा निरोप येतच नाही, चिठ्ठी दप्तरातच फाटते, आणि सही दुसऱ्याच कुणाचीतरी असते. दुसरी गोष्ट, मुलासमोर बाईंना नावं ठेवू नका आणि बाईंसमोर मुलाला. 'तुमच्या बाईंना काय कळतंय' असं जेवताना सहज म्हटलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात येतं. बाईंचं चुकलंय असं वाटत असेल तर बाईंनाच जाऊन विचारा. तुमचा तो हक्क आहे.

'बाई, हाणा याला, आम्ही एका शब्दानं विचारणार नाही.' हे वाक्य मी अगणित पालकांच्या तोंडून ऐकलंय. बोलणाऱ्याचा विश्वास असतो त्यात, हे मला कळतं. तरी शिक्षकांनी हा अधिकार घेऊ नये आणि पालकांनी देऊ नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. मानसिक छळात वर्गासमोर अपमान करणंही येतं असं मी मानते. पण कायद्याचं भय दूर ठेवलं तरी मार टिकत नाही. मारणारा समोर आहे तोवर पोर गप्प राहतं. मारानं त्याला एवढंच कळतं, की काय करायचं नाही. त्याऐवजी काय करायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं.

ते शिकवायची आमच्या शाळेत रुळलेली पद्धत अशी. एका वेळी एकच सवय धरायची. 'नीट वाग' ही सवय नव्हे. 'उत्तर द्यायचं असेल तर हात वर करीन' ही सवय. 'कुणी चिडवलं तर मारण्याआधी बाईंकडे येईन' ही सवय. काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते ठरवायचं, आणि मुलाला विचारून ठरवायचं. एका लहान कार्डावर दिवसाचे तास मांडायचे. तास नीट गेला तर शिक्षकांनी तिथं खूण करायची, नाही गेला तर जागा रिकामी सोडायची. लाल शाई, फुली, रागाचा शेरा काही नाही. संध्याकाळी घरी कार्ड पाहायचं आणि ठरलेल्या खुणा भरल्या असतील तर त्याच दिवशी ठरलेली गोष्ट द्यायची. महिन्याच्या शेवटी सायकल घेऊ, हे लहान मुलाला फार लांब पडतं. आजोबांबरोबर मळ्यात फेरी, रात्री एक जादा गोष्ट, वडिलांशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं एकट्यानं बोलणं. पैसे शक्यतो नकोतच. आणि सुरुवातीला पातळी इतकी खाली ठेवा, की पहिल्याच दिवशी त्याला जमेल. सहा तासांपैकी दोन नीट गेले तरी चालतील असं ठरवा, मग हळूहळू वाढवा.

या टप्प्यावर पुष्कळ घरं आणि शाळा हात टेकतात, कारण पहिल्या आठवड्यात वागणं सुधारायच्या ऐवजी बिघडतं. आधी रडलं की मिळायचं, आता मिळत नाही, तर मूल अजून जोरात रडून बघणारच. हे अपेक्षित आहे. नेमक्या त्याच वेळी आजीनं हळूच लाडू दिला, किंवा बाईंनी वैतागून मुलाचं म्हणणं मान्य केलं, तर अजून जोर लावला की मिळतं एवढंच तो शिकतो. म्हणून ठरलेलं घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. आजी-आजोबा, काका-काकू, शिकवणीच्या ताई, सगळ्यांना. रिक्षावाल्या काकांनाही सांगा. पोरं वर्गात आणि घरात जे बोलत नाहीत ते रिक्षात बोलतात, आणि काका बहुतेक शिक्षकांपेक्षा जास्त जाणतात. शिपाईमामांचंही तसंच.

चंचल मुलाची मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून कधी काढून घेऊ नका. ज्याला बसवत नाही त्यालाच बसवून ठेवलं, तर पुढचे दोन तास सगळा वर्ग भोगतो. त्याला उठायला कारण द्या. वह्या वाटायच्या, पाण्याची घागर भरायची, शेजारच्या वर्गातून खडू आणायचा.

घर पाहिल्याशिवाय मूल पुरतं कळत नाही, ही आपल्याकडच्या मोठ्या शिक्षिकांची शिकवण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली आणि ती अंगणवाडी झाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्या कुरणात गेल्या. अंगणात शाळा भरली की आया-आज्या आपसूक बघायला उभ्या राहतात. मुलाला कसं न्हाऊ घालावं, कसं बोलावं, हे त्यांना उपदेश न ऐकता दिसतं. आजच्या शिक्षकाला तेवढं जमणार नाही, कामांचा बोजा मला ठाऊक आहे. पण ज्या दोन-तीन मुलांची काळजी वाटते त्यांच्या घरी वर्षातून एकदा जाऊन चहा घेणं जमतं. जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. अभ्यासाला जागा आहे का, उजेड आहे का, घरात आजारी माणूस आहे का, हे दारातच दिसतं. आणि बाई आपल्या घरी आल्या होत्या, हे मूल वर्षभर विसरत नाही.

काही वेळा कारण वागण्यात नसतंच, शरीरात असतं. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि 'कॉपी करतो' ठरतं. कान वाहणारं मूल हाक ऐकत नाही आणि 'मुद्दाम ऐकत नाही' ठरतं. बोलता बोलता काही क्षण शून्यात बघणारं, मग काही झालंच नाही असं पुन्हा सुरू होणारं मूल 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खातं, आणि तो आकडीचाच एक प्रकार असू शकतो. रात्री तोंडानं श्वास घेणारं, घोरणारं मूल नीट झोपत नाही आणि दिवसा चिडकं, चंचल होतं. शाळकरी वयात नऊ ते बारा तास झोप लागते. मोबाइलनं ती किती घरांत खाल्लीय ते आपण सगळे बघतोय. म्हणून वागण्याचे उपाय सुरू करण्याआधी डोळे, कान आणि झोप तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा काळजीच्या मुलांची नावं आणि आपल्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवा. नुसतं वजन-उंची मोजून जाऊ देऊ नका.

अतिचंचलतेची, म्हणजे एडीएचडीची शंका असेल तर डॉक्टर आधी विचारतात की ही लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, सहा महिने तरी टिकून आहेत का, आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का. एकट्या आईला किंवा एकट्या बाईंना याचं उत्तर देता येत नाही. तिथं त्या दोन वह्या कामी येतात. वाचन-लेखनाचीच अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'आमच्या पोराला वेडं ठरवता का' म्हणून बाप उठून जातो, असं मी पाहिलंय. त्याला ओढू नका, पुन्हा बोलवा. पण शिक्षकांनो, वर्गात उभं राहून स्वतःच मुलाला आजाराचं नाव देऊ नका. ते काम डॉक्टरांचं.

वागणं अचानक पालटलं, हसतं-खेळतं मूल गप्प झालं, एखाद्या माणसाकडे किंवा जागेकडे जायला घाबरायला लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, तर कार्ड आणि वह्या बाजूला ठेवा. त्याच्याशी कुणी काही वाईट तर करत नाही ना, हे आधी बघा. मूल काही बोललं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, उलटतपासणी घेऊ नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्यानं २०१२ पासून बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल, घराण्याची अब्रू जाईल, म्हणून कुणीही ते दाबू नये. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानस आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

भांडण विकोपाला गेलं की शाळा म्हणते, 'दाखला घेऊन जा.' हे शाळेनं म्हणायचं नसतं. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे त्याच २००९ च्या कायद्यात आहे. पालकांनीही रागाच्या भरात दाखला मागू नये. नव्या शाळेत पोरगं तेच राहतं आणि त्याला ओळखणारी माणसं मागे सुटतात. वर्गशिक्षकांशी जमत नसेल तर मुख्याध्यापकांकडे जा, तिथं नाही जमलं तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आहेत. पायऱ्या गाळून थेट पुढाऱ्याचा फोन आणू नका. फोनमुळे आजचं काम होईल, पण पुढे वर्षभर त्या मुलाला कुणी मनापासून शिकवणार नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असा नियम आहे. तिचा उपयोग नुसत्या सह्यांपुरता होऊ देऊ नका. मधल्या सुट्टीत मैदानावर कोण लक्ष ठेवतं, स्वच्छतागृहाच्या मागे पोरं काय करतात, शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत मोठी मुलं लहानांना त्रास देतात का, हे सगळ्यांचे विषय तिथं काढा. एका मुलाचं नाव तिथं काढू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. 'अमक्याच्या पोरानं माझ्या पोराला मारलं' असं तिथं टाकलं की तासाभरात ते मूल गावाचा गुन्हेगार होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कुणी डबा खात नाही. ज्याला मार बसला त्याच्या घरच्यांची काळजी खरी असते, त्यांनाही शाळेनं वेगळं बोलवून काय केलं ते सांगायला हवं. पण मारणाऱ्या पोराच्या घरातल्या गोष्टी त्यांना सांगू नयेत. आजीनं सोमवारची गोष्ट आमच्या भरवशावर लिहिली होती. ती गावात फुटली असती, तर तिनं पुन्हा एक ओळ लिहून दिली नसती.

तुमच्या घरात किंवा वर्गात असं एखादं मूल आत्ता असेल, तर पुढच्या पालकसभेची वाट बघू नका. सभेत कुणाला कुणाशी धड बोलता येत नाही. या आठवड्यात वेळ ठरवून भेटा आणि पहिल्या भेटीत त्याच्याविषयी एखादी चांगली, खरी गोष्ट एकमेकांना सांगा. तक्रारीचं दुसऱ्या भेटीत बोला.